मुसीच्या काठाने भाताच्या मुलखात

हैदराबादचं हिमायतनगर म्हणजे दुकानांचा, दवाखान्यांचा आणि खानावळींचा गजबजलेला भाग. नारायणगुड्याहून बशीरबागेकडे जाताना लागतो. सातव्या निजामाचा थोरला मुलगा हिमायत अली खान, त्याच्या नावावरून वस्तीला हे नाव मिळालं. इथे आता हातभर शेत शिल्लक नाही, तरी तांदळावाचून इथलं पान हलत नाही. सकाळी इडली-डोसा, दुपारी भात-पप्पू, रात्री बिर्याणी. माझ्या बहिणीच्या घरामागच्या गल्लीत तांदळाचं एक जुनं दुकान आहे. दाराशी पोत्यांची थप्पी आणि पुढे ओळीने मांडलेल्या थाळ्यांत मूठ-मूठ नमुने: बीपीटी, सोना मसुरी, जय श्रीराम, एचएमटी. गिऱ्हाईक तांदूळ तळहातावर घेतं, दाणा दाताखाली फोडतं आणि ‘जुना आहे का?’ विचारतं. नवा तांदूळ चिकट होतो, म्हणून वर्षभर मुरलेल्याला दर जास्त.

पोत्यांवर वजन होतं २६ किलो. पंचवीस का नाही, असं विचारल्यावर दुकानदाराने सरळ सांगितलं, ‘पंचवीसपर्यंतच्या बंद पिशवीवर जीएसटी आहे, सव्वीसवर नाही.’ जुलै २०२२ मध्ये हा नियम आला आणि दक्षिणेतल्या तांदळाच्या बाजाराने एका किलोने पोतं वाढवून त्यावर तोड काढली. कायद्यातली फट बाजाराला किती लवकर सापडते, ते इथे दिसलं. पुढच्या प्रवासात मात्र अशी माणसं भेटत गेली, ज्यांना कायद्यातली एकही फट कधी उपयोगी पडलेली नाही.

त्या थाळ्यांतल्या एचएमटीने मला आपल्या मुलखाची आठवण करून दिली. हा वाण कुठल्या प्रयोगशाळेत तयार झाला नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यात नांदेड नावाचं गाव आहे. तिथले दीड एकराचे शेतकरी दादाजी रामाजी खोब्रागडे यांना १९८३ च्या सुमारास ‘पटेल ३’ वाणाच्या बांधीत काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. ते बी त्यांनी राखलं, दरवर्षी वेगळं लावलं, निवडलं. तेव्हा लोकप्रिय असलेल्या मनगटी घड्याळाचं नाव त्या तांदळाला मिळालं आणि तो विदर्भ ओलांडून तेलंगणभर पसरला. लाखो एकरांत त्यांचं बी रुजलं. ३ जून २०१८ रोजी दादाजी गेले, ते तंगीतच. तांदूळ पिकवणाऱ्याच्या वाट्याला त्यातलं काय येतं, हा प्रश्न या गल्लीतच मनात आला आणि त्याच्यामागे मी मुसी नदीच्या काठाने पार कृष्णेच्या संगमापर्यंत गेले. सोबत बहिणीचे यजमान होते. भाऊजींची तेलुगू अस्खलित आहे, त्यामुळे दुभाष्याची अडचण आली नाही.

मुसी हिमायतनगरहून फार लांब नाही. विकाराबादजवळच्या अनंतगिरीच्या डोंगरात ती उगम पावते. सप्टेंबर १९०८ च्या पुरात तिने हैदराबादेत हजारो माणसं नेली. त्यानंतर विश्वेश्वरय्यांच्या सल्ल्याने शहराच्या वर दोन तलाव बांधले गेले, १९२० साली उस्मानसागर आणि १९२७ साली हिमायतसागर. दुसऱ्या तलावाचं नावही त्याच राजपुत्राचं. पूर आटोक्यात आला, शहराला प्यायला पाणी मिळालं, पण खालची नदी कोरडी पडली. आज शहराखाली मुसीत बारमाही वाहतं ते शहराने वापरून सोडलेलं पाणी. तेही मूळचं मुसीचं नाही. नागार्जुनसागराच्या फुगवट्यातून कृष्णेचं पाणी शंभरावर किलोमीटर लांब, चढावर उपसून हैदराबादला आणतात. मांजरा आणि गोदावरीचंही येतं. हिमायतनगरच्या मोरीतून गेलेलं पाणी गटारातून अंबरपेठेला पोचतं. तिथे दिवसाला ३३ कोटी ९० लाख लिटर मैलापाणी शुद्ध करणारं केंद्र आहे. तिथून, आणि तिथे न पोचताही, ते मुसीत उतरतं. पुढे भाताला मिळतं. उरलेलं पुन्हा कृष्णेला जाऊन मिळतं. सबंध प्रवासात मला याच्याइतकी चकित करणारी गोष्ट दुसरी आढळली नाही.

उप्पल मागे पडलं की पीरजादीगुड्यापाशी नदीला काळसर रंग आणि पांढरा फेस दिसतो. काठावर पहिल्यांदा दिसतं ते गवत. उंच, गर्द हिरवं पॅरा गवत. शहरातल्या म्हशींच्या गोठ्यांना रोज ताजा चारा लागतो. हे गवत या पाण्यावर वर्षभर कापता येतं आणि रोज रोख पैसे देतं. पूर्वी इथे भातच होता. शहराजवळच्या टप्प्यात पाण्यातले क्षार वाढले, भात नुसताच पानावर जाऊन आडवा पडू लागला, उतारा घटला आणि अनेकांनी भात सोडून गवत धरलं.

प्रतापसिंगारमपासून पुढे खरी भातखाचरं सुरू होतात. नदीवर जागोजाग दगडी बंधारे आहेत. त्यांना इथे ‘कत्वा’ म्हणतात. बंधाऱ्याने अडलेलं पाणी पाटाने शेतात जातं. विहीर नको, मोटार नको, पाळी नको. पलीकडच्या माळावरचे शेतकरी शेकडो फूट बोअर मारून कर्जात बुडाले, तेव्हा या पट्ट्यातला माणूस नुसतं पाटाचं दार उघडत होता. एका खाचरात कापणी चालली होती. चिखलात रुतू नये म्हणून पट्ट्यांवर चालणारं यंत्र गरगरत पुढे जात होतं आणि मागे बगळ्यांची झुंबड. बांधावर उभ्या असलेल्या शेतकऱ्याने टाकीतून मूठभर साळ काढली, दोन्ही तळव्यांत चोळली, फुंकर मारली आणि उघडा दाणा माझ्या हातावर ठेवला. दाणा चांगला भरला होता. ‘खत कमीच लागतं, पाण्यातच असतं. पण कीड सोडत नाही आणि पायाला खाज सुटते,’ तो म्हणाला. त्याचे घोट्यापर्यंतचे पाय खरखरीत, काळे पडले होते. त्याच्या घरी हा तांदूळ शिजत नाही. हा विकायचा आणि खायला रेशनचा आणायचा. तसं करणारा तो एकटा नाही, असंही त्यानेच सांगितलं.

या पट्ट्यावर अभ्यासकांनी बरंच काम केलं आहे. हैदराबादजवळ पाटनचेरूला आंतरराष्ट्रीय जल व्यवस्थापन संस्थेचं कार्यालय होतं, तिथल्या संशोधकांनी मुसीचं पाणी आणि माणसं दोन्ही तपासली. मैलापाण्यात उभं राहून काम करणाऱ्यांना आकडीच्या जंतांचा त्रास जास्त होतो, हे त्यांनी दाखवलं. त्यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली. शहरापासून सुमारे चाळीस किलोमीटरच्या टप्प्यात नदीचं पाणी आपोआप बरंच सुधारतं. कारण हेच जुने कत्वे. प्रत्येक बंधाऱ्यामागे पाणी थबकतं, गाळ बसतो, ऊन लागतं, मग ते पुढच्या बंधाऱ्याला जातं. भाताला पाणी द्यायला कुणी पूर्वी दगड रचले आणि त्या दगडांनीच महानगराची घाण निवळायचं काम अंगावर घेतलं. ते काम करणाऱ्या शेतकऱ्यांना शहराने कधी एक पैसा दिलेला नाही. त्यांचे पाय मात्र त्या पाण्यातच आहेत.

पोचारमला इन्फोसिसचा प्रचंड परिसर आहे. त्याच्या आगेमागे प्लॉट पाडलेले, खुणेचे पांढरे दगड रोवलेले. दोन प्लॉटांच्या मधे भात उभा. इथे बहुतेक जमिनीचे मालक शहरात राहतात आणि भाव येईपर्यंत जमीन कसायला देतात. खाचरात उभा असलेला माणूस ‘कौलु रैतु’, म्हणजे खंडाने कसणारा. हा शब्द पुढे सबंध वाटेवर माझी पाठ सोडणार नव्हता. एदुलाबादचा मोठा तलाव आणि बीबीनगरची ‘एम्स’ची इमारत मागे टाकून आम्ही पोचमपल्लीला वळलो.

पोचमपल्लीला बहुतेक लोक इकतच्या साड्यांसाठी जातात. माझं लक्ष दुसरीकडे होतं. पौनारहून ८ मार्च १९५१ ला पायी निघालेले विनोबा हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीला सर्वोदय संमेलनासाठी आले आणि तिथून तेलंगणच्या खेड्यांत शिरले. सशस्त्र शेतकरी लढ्याची ती अखेरची वर्षं होती. जमीनदार आणि देशमुखांच्या वेठबिगारीविरुद्ध १९४६ पासून पेटलेल्या या मुलखात दिवसा पोलिसांची आणि रात्री कम्युनिस्टांची भीती होती. १८ एप्रिलला पोचमपल्लीत चाळीस दलित कुटुंबांनी विनोबांकडे ८० एकर जमीन मागितली, ४० ओलिताची आणि ४० कोरडवाहू. सरकारकडे अर्ज करा, असं सांगून मोकळं होता आलं असतं. विनोबांनी जमलेल्या गावालाच विचारलं आणि रामचंद्र रेड्डी यांनी उभं राहून १०० एकर देऊ केले. भूदानाची सुरुवात ती. विनोबा पेण तालुक्यातल्या गागोद्याचे, म्हणजे भातखाचरांच्या गावात जन्मलेले. ओलिताची ४० एकर म्हणजे काय चीज आहे, हे त्यांना कुणी समजावून सांगावं लागलं नसणार.

विनोबांचं स्मारक आणि गावाचा विस्तीर्ण तलाव पाहिला. पुढची कथा सुखाची नाही. भूदानात मिळालेल्या जमिनींचं वाटप अर्धवट राहिलं, बरीच जमीन निकृष्ट निघाली, आणि हैदराबादच्या आसपासच्या भूदान जमिनींना सोन्याचे भाव आल्यावर त्यांचे वाद कोर्टात गेले, ते आजही चालू आहेत. तरी मला वाटतं, त्या दिवशी चाळीस कुटुंबांनी विचारलेला प्रश्न अगदी नेमका होता. भात आम्ही लावतो, जमीन आमच्या नावावर का नाही? पंचाहत्तर वर्षं होत आली, प्रश्न त्याच जागी आहे. फक्त विचारणारे बदलले. आता तो कौलु रैतु विचारतो.

वलिगोंड्याच्या बाजूला संगेम गावापाशी मुसी बरीच निवळलेली दिसते. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुख्यमंत्री रेवंत रेड्डी यांनी याच गावात मुसीच्या शुद्धीकरणासाठी पदयात्रा काढली होती. नदीकाठ सुशोभित करण्याच्या योजनेवर शहरात घरं पाडण्यावरून रण माजलं, पण खालच्या गावांना मात्र पाणी स्वच्छ व्हावं असं मनापासून वाटतं. नळगोंडा जिल्ह्याच्या काही भागांत बोअरच्या पाण्यातल्या फ्लोराइडने पिढ्यांची हाडं वाकवली आहेत. खालून फ्लोराइड, वरून मैला, अशा कात्रीत सापडलेल्या माणसाला नदीचं सौंदर्य नंतर सुचणार.

या गावांतून जाताना रस्त्याची एक बाजू भाताने भरलेली असते. डांबरावर पसरलेली साळ, कडेला दगड लावलेले, रात्री पांघरायला ताडपत्री. ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस मोंथा चक्रीवादळाचा पाऊस नेमका कापणीच्या तोंडावर कोसळला होता. काही ढिगांतून आंबूस वास येत होता. खालचे दाणे मोडावर आलेले. एक बाई पायानेच साळीत सरी ओढत वाळवण परतत होती. तिला दोनच दिवसांचं कडक ऊन हवं होतं.

खरेदी केंद्र म्हणजे गावाबाहेरचं उघडं पटांगण. तेलंगणात बरीचशी खरेदी महिला बचत गटांमार्फत होते, त्या केंद्रांना सगळे ‘आयकेपी सेंटर’ म्हणतात. बाकीची सहकारी सोसायट्यांमार्फत. पन्नाशीची एक बाई वही मांडीवर घेऊन बसली होती, शेजारी ओलावा मापायचं यंत्र. तिने ढिगात हात कोपरापर्यंत खुपसून आतली साळ काढली, कारण वरची साळ नेहमी वाळलेलीच असते. आकडा आला १९. मर्यादा १७ टक्क्यांची. शेतकरी काही बोलला नाही, ताडपत्री पुन्हा उघडू लागला. नवख्या शेतकऱ्याने हुज्जत घातली असती. यानं मुकाट्याने काम सुरू केलं, त्याअर्थी हे सगळं त्याच्या अंगवळणी पडलं होतं. त्या बाईंना भाऊजींनी विचारलं, ‘अम्मा, कमिशन किती मिळतं?’ तिने क्विंटलमागे रुपयांत तीसच्या घरातला आकडा सांगितला आणि पुढे म्हणाली, ‘पण आमच्या गावात मापाडी आता बाया आहेत.’ तिचा हा अभिमान मला त्या आकड्यापेक्षा मोठा वाटला.

ओलावा बसला की साळ चाळायची, ४० किलोची पोती भरायची, शिवायची, लॉरीत चढवायची. हमाल बहुतेक बिहारचे. लॉरी सरकारने ठरवून दिलेल्या गिरणीवर जाते. घोळ होतो तो इथे. गिरणीवाला दाणा काळा आहे, फोल जास्त आहे म्हणतो आणि पोत्यामागे किलो-दीड किलो कापून घेतो. या कटतीला ‘तरुगु’ म्हणतात. ती टाळण्यासाठी केंद्रावरच पोत्यात ४० ऐवजी ४१-४२ किलो भरण्याची वहिवाट पडली. सरकार दरवर्षी ताकीद देतं, शेतकरी दरवर्षी रस्ता अडवतात. पंचवीस क्विंटल साळ विकणाऱ्याचं पोत्यामागे एक किलो गेलं, तर साठाहून जास्त किलो जातं. त्याच्या घरातला महिन्याचा तांदूळ तेवढ्यात निघतो.

तेलंगण २ जून २०१४ ला वेगळं झालं, तेव्हा दोन्ही हंगाम मिळून भाताखाली ३५ लाख एकरांच्या आसपास क्षेत्र होतं. सहा-सात वर्षांत ते एक कोटी एकरांवर गेलं. जुने काकतीय तलाव गाळ काढून भरले गेले, जानेवारी २०१८ पासून शेतीला चोवीस तास मोफत वीज मिळाली आणि मुख्य म्हणजे साळ हमीभावाने घेतली जाईल, ही खात्री आली. कापसाला, तुरीला, मिरचीला ती खात्री नाही. शेतकरी तांदळाच्या मागे का लागला, याचं उत्तर एवढंच. एक किलो तांदळाला हजारो लिटर पाणी लागतं, हे त्याला शहाण्यांनी सांगायची गरज नाही. त्याला ठरल्या भावाने माल उचलणारा माणूस हवा आहे, आणि तो फक्त भाताला मिळतो.

२०२५-२६ सालचा हमीभाव साधारण साळीला क्विंटलला २,३६९ रुपये आणि ‘अ’ दर्जाला २,३८९. बारीक वाणांना राज्य सरकार २०२४ च्या खरिपापासून वर ५०० रुपये बोनस देतं, म्हणून पुन्हा बारीक वाणांकडे ओढा वाढला. रब्बीचा बोनस वेळेवर हातात पडला नाही, ही तक्रार मात्र प्रत्येक केंद्रावर ऐकली. या बारीक तांदळाचं वाटप रेशनवर माणशी सहा किलोप्रमाणे ३० मार्च २०२५ रोजी, उगादीच्या दिवशी, हुजूरनगरातून सुरू झालं. ही योजना मला मनापासून आवडली. पूर्वी रेशनचा जाड तांदूळ लोक खात नसत, तो काळ्या बाजाराने फिरून पुन्हा सरकारी गोदामात यायचा. आता गावातला मजूर आणि हिमायतनगरातला नोकरदार यांच्या ताटात जवळपास सारखाच भात आहे.

आता हमीभावाचा हिशेब. केंद्राच्या कृषी मूल्य आयोगाने त्याच वर्षासाठी साळीचा उत्पादन खर्च, घरच्यांची मजुरी धरून, क्विंटलला १,५७९ रुपये मानला आहे. म्हणजे वर राहतात ७९०. एकरी वीस क्विंटल धरले तर १५,८०० रुपये आणि तीन एकर कसणाऱ्याला चार-पाच महिन्यांच्या हंगामाचे ४७,४०० रुपये. पण हा खर्च सरासरीचा आहे. स्वतःच्या जमिनीवाला आणि खंडाने कसणारा एकाच सरासरीत बसवले की, खंडाचा भार त्यात विरून जातो. वलिगोंड्याजवळ बांधावर बसून एका कौलु रैतूने आम्हाला आपला हिशेब तोंडी सांगितला. खंड हंगामाआधी रोख. तो सावकाराकडून आणायचा, कारण बँक सातबारा, म्हणजे इथलं पट्टादार पासबुक, मागते. बी, खत, औषध दुकानदाराकडून उधार, त्याच्या मर्जीच्या भावाने. लावणीची मजुरी, कापणीच्या यंत्राचं तासाचं भाडं. सगळे घेणेकरी कापणीच्या दिवशी बांधावर हजर. विक्रीचे पैसे ज्याचं नाव नोंदणीत त्याच्या खात्यात, म्हणजे पुष्कळदा मालकाच्या. तिथून ते त्याच्या हातात यायचे.

आणि सरकारी मदत? मे २०१८ मध्ये ‘रैतु बंधू’ सुरू झाली, एकरी हंगामाला ४,००० रुपये. पुढे ५,००० झाले. जानेवारी २०२५ पासून ‘रैतु भरोसा’ नावाने ६,०००. मिळतात जमीनमालकाला. तो अमेरिकेत असला आणि त्याने दहा वर्षांत शेताचं तोंड पाहिलं नसलं, तरी मिळतात. ‘रैतु बीमा’त शेतकरी वारला तर घरच्यांना पाच लाख रुपये, तेही पासबुक असलेल्यालाच. केंद्राचे वर्षाचे सहा हजार, तेही जमीनधारकालाच. पंतप्रधान पीक विमा योजनेतून राज्य २०२० साली बाहेर पडलं. मोंथाच्या पावसात जी साळ भिजली, तिचं नुकसान ज्याने ती लावली त्याचं. रैतु स्वराज्य वेदिका ही संघटना याविषयी सातत्याने काम करते. २०२२ मध्ये तिने केलेल्या पाहणीत तिसऱ्या हिश्श्याहून थोडे जास्त शेतकरी खंडाने कसणारे निघाले. २०२३ च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांनाही मदत देण्याचं वचन दिलं होतं. भूमिहीन मजुरांच्या कुटुंबांसाठी योजना आली, कौलु रैतु मात्र दोन्हींच्या मधे राहिला. तो ना मालक, ना मजूर.

मालक लिहून का देत नाहीत? मराठवाड्याच्या वाचकाला याचं उत्तर ठाऊक असेल. १९५० चा हैदराबाद कूळ कायदा मराठवाड्यालाही लागू होता. कूळ लागलं की जमीन जाते, ही धास्ती तेव्हापासून मालकांच्या मनात घर करून आहे. म्हणून सगळा व्यवहार तोंडी आणि दर वर्ष-दोन वर्षांनी कसणारा बदलायचा. आपल्याकडे ठोक्याने, मक्त्याने देतात, तिथेही कागद नसतोच. भंडारा-गोंदियात धानाचा बोनस जमिनीच्या नोंदीप्रमाणे मिळतो, तेव्हा ठेक्याने धान लावणारा असाच बघत राहतो.

सूर्यापेठेला आम्ही विजयवाड्याच्या महामार्गाला लागलो. हाच रस्ता पुण्याहून निघून सोलापूर-हैदराबादमार्गे मच्छलीपट्टणला जातो. सूर्यापेठेजवळ सोलिपेठला मुसीवर १९६३ मध्ये पूर्ण झालेलं धरण आहे. शहराने वापरून टाकलेलं पाणी इथे साठून पुन्हा तीस हजार एकरांच्या आसपास भात भिजवतं. खाली दक्षिणेला गेलं की एकदम देखावा पालटतो. नागार्जुनसागराचा डावा कालवा येतो. १० डिसेंबर १९५५ ला नेहरूंनी त्या धरणाची पायाभरणी केली आणि ४ ऑगस्ट १९६७ ला इंदिरा गांधींनी कालव्यांत पाणी सोडलं. नळगोंड्याच्या खडकाळ माळांनंतर मिर्यालगुड्याचं सपाट, सलग हिरवं-पिवळं शिवार पाहून डोळे निवतात. पण कालवाही कृष्णेच्या मर्जीवर. २०२३ मध्ये कृष्णेला पुरेसं पाणी आलं नाही आणि पुढच्या रब्बीत या सोन्यासारख्या जमिनी पडीक राहिल्या.

मिर्यालगुडा हे तांदूळ गिरण्यांचं गाव. हंगामात साळीने लादलेल्या ट्रॅक्टरांची रांग एवढी वाढते की, पूर्वी प्रशासनाला टोकन वाटावे लागले. गिरणीत शिरताच उकडलेल्या साळीचा उबदार, गोडसर वास येतो. साळ भिजवायची, वाफेवर उकडायची, वाळवायची आणि मग भरडायची. बॉयलरला जळण तिच्याच तुसाचं. कोंडा तेलाच्या कारखान्याला, कणी दारूच्या किंवा कोंबड्यांच्या खाद्याच्या धंद्याला. दाण्याचा कणही वाया जात नाही.

उकडण्यामागे तेलंगणचं ऊन आहे. रब्बीची साळ एप्रिल-मेमध्ये निघते. त्या तापात दाणा आतून तडकतो आणि तशीच भरडली तर निम्मी कणी होते. उकडल्यावर दाणा सांधला जातो. पण उकडा तांदूळ खातात केरळ, तमिळनाडूसारख्या मोजक्या राज्यांत. २०२१ मध्ये केंद्राने यापुढे उकडा घेणार नाही म्हटलं आणि हजारो शेतकऱ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. ११ एप्रिल २०२२ रोजी तेव्हाचे मुख्यमंत्री के. चंद्रशेखर राव दिल्लीत धरणं धरून बसले. अखेर साळ राज्याने घेतली, पण त्या रब्बीत पेरा घटला तो घटलाच. हमीभाव सरकार जाहीर करतं, पण किती घेणार आणि कोणत्या रूपात घेणार, हेही सरकारच ठरवतं.

गिरणीतला कामगार बिहारचा आणि आता लावणीही परप्रांतीय करू लागले आहेत. बंगाल-बिहारहून पुरुषांच्या टोळ्या येतात, एकराचा ठेका घेतात, दोरी न लावता सरळ रांगेत रोपं खोचत जातात. स्थानिक बायकांच्या हातून आधी कापणी गेली, ती यंत्राने नेली. आता लावणीही निघाली आहे. पाणी कमी लागावं म्हणून मोड आलेलं बी थेट चिखलात फेकायची पद्धत वाढते आहे, तिच्यात तर लावणीच नाही. शेताच्या दृष्टीने ती चांगली आहे. पण कालव्याकाठच्या एका बाईने विचारलं, ‘मग आम्ही कुठे वाकायचं?’ मला उत्तर देता आलं नाही.

दामरचेर्ल्याजवळ यादाद्रीच्या औष्णिक वीज केंद्राची धुराडी दिसू लागतात आणि वाडपल्लीला मुसी कृष्णेत उतरते. संगमावर अगस्त्येश्वराचं जुनं देऊळ आहे. पात्र रुंद, पाणी हिरवट आणि निवांत. पीरजादीगुड्याचा फेस इथे आठवूनही आठवत नाही. निवळायचं काम वाटेतल्या खाचरांनी आणि कत्व्यांनी केलेलं.

परतताना भाऊजींनी सांगितलेली एक गोष्ट इथे लिहायलाच हवी. कौलु रैतूंसाठी नवा कायदा करायची गरजच नाही, तो आहे. २०११ साली अविभाजित आंध्र प्रदेशात जमीन कसणाऱ्यांच्या परवान्याचा कायदा झाला. त्यानुसार गावपातळीवर अर्ज करायचा आणि एका वर्षाचं कार्ड घ्यायचं. त्या कार्डावर पीककर्ज मिळू शकतं, नुकसानभरपाई मागता येते. मालकाच्या हक्काला त्याने धक्का लागत नाही, असं कायद्यातच लिहिलं आहे. सुरुवातीला कार्डं वाटलीही गेली. तेलंगण झाल्यावर ते काम थंडावलं. तोच कायदा पुन्हा हातात घ्या, दर हंगामाआधी ग्रामसभेत कसणाऱ्यांची नोंद करा आणि खरेदी केंद्रावर साळ ज्याने पिकवली त्याच्या खात्यात पैसे टाका, एवढीच वलिगोंड्याच्या बांधावरची मागणी होती. महाराष्ट्रातही ठेक्याने धान लावणाऱ्यांची अशी नोंद आजवर होत नाही. ती आपल्या सरकारनेही सुरू करावी.